शर्यत संपल्यावरचे दहा दिवस आणि गार्मिन फोररनर ९६५

ट्रायथलॉनच्या घड्याळाबद्दल लिहिताना बहुतेक जण स्क्रीन, बॅटरी आणि जीपीएसवर थांबतात. पण हाफ आयर्नमॅन अंतराची शर्यत (१.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं) पार पडली की घड्याळाकडून वेगळ्याच दोन गोष्टी हव्या असतात. अंग केव्हा सावरलं ते कळायला हवं आणि शर्यत नेमकी कुठे हातातून गेली ते सापडायला हवं. फोररनर ९६५ या दोन कामांत कसं उतरतं, एवढंच इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो. शर्यतीचा साक्षीदार म्हणून हे घड्याळ उत्तम आहे. शरीर सावरल्याचा अंदाज देताना मात्र ते फक्त हृदय आणि झोप बघतं, पाय बघत नाही. आणि हाफ आयर्नमॅननंतर दुखणं असतं ते पायांचं.

घड्याळ २०२३ साली आलं. वजन ५३ ग्रॅम, १.४ इंची अमोलेड स्क्रीन, टायटॅनियमची कड. साधा जीपीएस लावला तर कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३१ तास आणि मल्टिबँड (उपग्रहांच्या एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी वापरणारा, जास्त अचूक जीपीएस) लावला तर १९ तास चालतं. साडेआठ तासांच्या कटऑफच्या (शर्यत पुरी करायच्या कमाल वेळेच्या) शर्यतीला मल्टिबँड बिनधास्त लावावा. या बाबतीत तक्रारीला जागा नाही, म्हणून पुढे जाऊ.

नंतर वाचण्यासारखी नोंद हवी असेल तर तयारी आधी करावी लागते. शर्यतीच्या आठवड्यात नवं घड्याळ घेऊन मनगटावर बांधलं तर रिकव्हरीच्या दृष्टीने त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. एचआरव्ही स्टेटससाठी (एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार) तुमची स्वतःची नेहमीची पातळी ठरायला साधारण तीन आठवडे रोज रात्री घड्याळ घालून झोपावं लागतं. ती पातळी नसेल तर शर्यतीनंतरची घसरण मोजायची कशाच्या तुलनेत? किमान महिनाभर आधीपासून ते रात्री हातात असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट छातीच्या पट्ट्याची. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर पाण्यात भरवशाचा नाही. हात आपटतो, पाणी मध्ये शिरतं, आकडे उड्या मारतात. सायकलवर हँडलच्या धक्क्यांनी आणि मनगट वाकल्याने तोच त्रास होतो. गार्मिनच्या एचआरएम-प्रो प्लससारखा पट्टा पाण्यात असताना ठोके स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि नंतर घड्याळाकडे पाठवतो. गोव्याच्या समुद्रात पाणी कोमट असल्यामुळे वेटसूट नसतो, त्यामुळे पट्टा उघड्या अंगावर घातला तर पहिल्या लाटेलाच पोटावर घसरतो. तो एकसंध ट्रायसूटच्या (तिन्ही खेळांत अंगावर राहणाऱ्या घट्ट पोशाखाच्या) आत, इलॅस्टिक नेहमीपेक्षा थोडं घट्ट करून घालावा. पट्टा नसेल तर घड्याळ शर्यतीचा एकूण भार चुकीचा मोजतं, आणि पुढचे रिकव्हरीचे सगळे आकडे त्याच चुकीच्या पायावर उभे राहतात.

तिसरी गोष्ट लॅपच्या बटणाची. ट्रायथलॉन मोडमध्ये पाण्यातून बाहेर, सायकल हातात, सायकल परत, धावायला सुरुवात, या चारही टप्प्यांवर बटण दाबायचं असतं. एक दाब चुकला की पुढचं सगळं एक घर सरकतं आणि सायकलची नोंद धावण्याच्या नावावर जाते. घड्याळात खेळ आपोआप बदलण्याची सोय आहे आणि ती बऱ्याचदा बरोबर ओळखते, पण ट्रान्झिशनची (एका खेळातून दुसऱ्यात जाण्याची) वेळ सेकंदात हवी असेल तर बटणच दाबावं. त्याच मोडमध्ये लॉक डिव्हाइस चालू ठेवा. पोहण्याच्या गर्दीत कोणाचा तरी हात लागून बटण दाबलं जाणं ही फार नेहमीची बाब आहे. डेटा रेकॉर्डिंग ‘दर सेकंदाला’ वर ठेवा. शर्यत संपल्यावर मात्र अधिकृत वेळ आयोजकांच्या टायमिंग चिपचीच मानायची. घड्याळाची वेळ फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी.

आता रिकव्हरी.

शर्यत सेव्ह केल्या केल्या घड्याळ रिकव्हरी टाइम दाखवतं. हाफनंतर बहुतेकांना तिथे ७२ ते ९६ तासांच्या मधला आकडा दिसतो. ९६ तास, म्हणजे चार दिवस, ही या आकड्याची कमाल मर्यादा आहे. शर्यत पाच तासांची असो की बारा तासांची, घड्याळ त्याच्या वर जात नाही. त्यामुळे “चार दिवसांत मोकळा” असा अर्थ लावला तर फसगत ठरलेली. हा आकडा येतो ठोक्यांवरून. फर्स्टबीट या फिनलंडच्या कंपनीने, जी २०२० साली गार्मिनने विकत घेतली, ठोक्यांवरून व्यायामानंतर शरीराला लागणाऱ्या जादा ऑक्सिजनचा अंदाज बांधण्याची पद्धत काढली. घड्याळातला ट्रेनिंग लोड (सरावाचा भार) त्यावरच चालतो. हृदयावरचा ताण ही पद्धत बऱ्यापैकी पकडते. पण उतारावर धावताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसतो आणि त्याचे बारीक तंतू फाटतात, त्याचा ठोक्यांशी संबंध नसतो. १४५ ठोक्यांनी सायकल चालवली काय आणि १४५ ठोक्यांनी धावलात काय, घड्याळाला दोन्ही सारखंच. पायांना नाही.

ट्रेनिंग रेडिनेसचं, म्हणजे सरावाला अंग किती तयार आहे या आकड्याचं, तसंच. ० ते १०० चा हा आकडा रात्रीची झोप, उरलेला रिकव्हरी टाइम, एचआरव्ही, अलीकडचा भार, गेल्या काही रात्रींची झोप आणि ताण यांवरून काढतात. यात स्नायू कुठेच नाही. शिवाय रंगांनी गोंधळ होतो. ५० ते ७४ ला रंग हिरवा येतो, पण घड्याळाच्या भाषेत तो ‘मध्यम’ आहे. खरी चांगली अवस्था निळ्यापासून, म्हणजे ७५ पासून सुरू होते. शर्यतीनंतर पाचव्या दिवशी हिरवा रंग दिसला म्हणून दहा किलोमीटर धावायला निघणं आणि मग पोटरी धरून परत येणं, हा या घड्याळाच्या वापरातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे.

एचआरव्ही स्टेटसमध्ये एक मेख आहे. तो सात दिवसांच्या सरासरीवर चालतो. शर्यतीच्या रात्रीचा आकडा कोसळतो, पण स्टेटसचं नाव ‘बॅलन्स्ड’वरून खाली यायला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि एकदा खाली आलं की शरीर सुधारलं तरी काही दिवस ते तिथे अडकून राहतं. म्हणून या दहा दिवसांत स्टेटसचं नाव बघू नका. त्याच पडद्यावर खाली कालच्या रात्रीची सरासरी असते, ती बघा. ती सलग तीन रात्री तुमच्या नेहमीच्या पट्ट्यात आली आणि सकाळचे विश्रांतीचे ठोके नेहमीच्या दोन-तीन ठोक्यांच्या आत आले, तर हृदय आणि मज्जासंस्थेचा भाग सावरला असं धरायला हरकत नाही. शर्यतीनंतरच्या पहिल्या रात्रीची झोप वाईटच लागते. कॅफिनचे जेल, तापलेलं अंग, दुखणारे पाय, सगळं एकत्र येतं. त्या रात्रीच्या लाल आकड्यांनी घाबरून जाऊ नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीचे आकडे जास्त खरे बोलतात.

पायांसाठी घड्याळाबाहेरची साधी चाचणी ठेवा. जिना उतरताना कठडा न धरता, नेहमीच्या वेगाने दोन मजले उतरता येतात का? एका पायावर उभं राहून पायरीच्या कडेवर टाच उचलायची, दोन्ही पायांनी प्रत्येकी वीस वेळा. दुखणं किंवा लटपट नसेल आणि दोन्ही पाय सारखे वाटले, तरच धावणं. स्नायूंचं दुखणं शर्यतीनंतर २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून चाचणी आटोपून घेऊ नका, चौथ्या दिवसानंतरच करा.

दिवसांचा ढोबळ हिशोब असा धरावा. पहिले दोन दिवस फक्त वीस-तीस मिनिटं चालणं. तिसऱ्या दिवशी ट्रायसूटने घासलेल्या जागा आणि पायाचे फोड सुकले असतील तर पोहणं, तेही आरामात, घड्याळाच्या वेगाकडे न बघता. उघड्या जखमेने तलावात उतरू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी सपाटीवर चाळीस मिनिटं सायकल, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल पॉवरच्या) ५५ टक्क्यांच्या आत. धावणं सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास, जिन्याची चाचणी पार झाल्यावर, वीस-पंचवीस मिनिटं आणि मऊ जमिनीवर. वेगाचा सराव दहा ते चौदा दिवसांनंतर. पूर्ण आयर्नमॅन अंतर केलं असेल तर हे सगळं दुप्पट करा. या काळात घड्याळ रोज सकाळी सुचवलेला व्यायाम पुढे करत राहतं. त्या सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका.

शर्यतीनंतर काय आणि किती खावं हे घड्याळ सांगत नाही, आणि सावरण्यातला मोठा वाटा तिथेच आहे. पहिल्या चार तासांत दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं लागतात. ६८ किलोच्या माणसाला तासाला ६८ ग्रॅम. दीड वाटी मऊ भात आणि एक मोठं केळं यांत ते भागतं. सोबत वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं हवीत. दही-भात आणि दोन उकडलेली अंडी, किंवा माशाची आमटी-भात, दोन्ही चालतात. शर्यतीआधी आणि नंतर वजन केलं असेल तर उत्तम. १.६ किलो कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत दोन ते सव्वादोन लिटर पाणी, मिठासकट. ताक, सोलकढी, लिंबू-मीठ-साखर, काहीही. नुसतं साधं पाणी भराभर पिऊ नका. रक्तातलं सोडियम खाली जाऊन डोकेदुखी, उलटी, भ्रम सुरू होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. दुखतंय म्हणून त्या रात्री आयबुप्रोफेन घेऊ नये. पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, मांड्या सुजून कडक झाल्या किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर घड्याळ आणि हा लेख दोन्ही बाजूला ठेवून रुग्णालय गाठा.

शर्यतीच्या परीक्षणाकडे वळू. इथे हे घड्याळ आपली किंमत वसूल करून देतं.

पहिली सूचना अशी की गार्मिन कनेक्ट (घड्याळाच्या नोंदी दाखवणारं फोनवरचं ॲप) उघडण्याआधी, शर्यतीच्या संध्याकाळीच, कागदावर आठवेल ते लिहून काढा. कुठे जड गेलं, कोणत्या किलोमीटरला चालायला लागलात, किती जेल (साखरेची पाकिटं) खाल्ले, किती बाटल्या संपल्या, पोटाचं काय झालं. आलेख एकदा बघितला की आठवणी आलेखाप्रमाणे बदलायला लागतात. जेलची संख्या तर दोन दिवसांत हमखास वाढते.

पोहण्याच्या नोंदीत अंतर आणि नकाशा यांकडे जपून बघा. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. हात वर येतो तेवढ्या क्षणात घड्याळ उपग्रह पकडतं, त्यामुळे रेषा थोडी वाकडी असतेच. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मनगट वर येतच नाही, म्हणून नोंद आणखी बिघडते. १.९ च्या जागी १.९५ दिसलं तर सोडून द्या. २.१ दिसलं आणि नकाशावर बोयाच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) बाहेरून मोठी कमान दिसत असेल, तर ते घड्याळाचं नसून नजर वर काढून दिशा न बघण्याचं फळ आहे. दोनशे मीटर जादा पोहणं म्हणजे चार-पाच मिनिटं. ती खांद्याच्या ताकदीने भरून निघत नाहीत. दर सहा-आठ हातांनी डोकं वर काढायचा सराव केला की वाचतात.

सायकलची नोंद पॉवर मीटर (पायडलवर किती जोर पडतो ते वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तरच बोलकी होते. घड्याळात एफटीपी ताजा भरलेला असावा, नाहीतर टक्केवारीचं सगळं गणित कोसळतं. एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत, पण अशा फायली हौशी खेळाडूंच्या खात्यांत खूप दिसतात. एफटीपी २२० वॅट, सायकल ३ तास १० मिनिटं, सरासरी पॉवर १५८, नॉर्मलाइज्ड पॉवर (झटक्यांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) १७२. तीव्रतेचा अंक १७२ भागिले २२०, म्हणजे ०.७८. हाफसाठी हौशी खेळाडूला हा ठीक आहे. भाराचा अंक, टीएसएस, सुमारे १९३. इथवर सगळं छान दिसतं आणि बरेच जण इथेच थांबतात. आता १७२ ला १५८ ने भागा. १.०९ येतं. सौम्य चढउताराच्या रस्त्यावर हे १.०५ च्या आत असायला हवं. जादा असणं म्हणजे चढावर दाबून मारलं, उतारावर पाय सोडले, कोणीतरी पुढे गेलं की त्याचा पाठलाग केला. त्या प्रत्येक झटक्यात साठवलेली साखर जळते.

पुढे फाइलचे दोन भाग करा. पहिल्या ४५ किलोमीटरला नॉर्मलाइज्ड पॉवर १८०, ठोके १४८. दुसऱ्या ४५ ला पॉवर १६३, ठोके १५०. पॉवरला ठोक्यांनी भागलं तर पहिल्या भागात १.२२ आणि दुसऱ्यात १.०९ येतं, म्हणजे सुमारे ११ टक्के घसरण. पाच टक्क्यांच्या आतली घसरण सहनशक्ती पुरल्याचं लक्षण मानतात. ११ टक्के म्हणजे धावायला उतरण्याआधीच हिशोब चुकला होता. हे दोन भागाकार गार्मिन कनेक्ट आपणहून करून दाखवत नाही, हात चालवावा लागतो. ट्रेनिंगपीक्स या सरावाचं विश्लेषण करणाऱ्या सेवेत फाइल चढवली की घसरणीचा टक्का तयार मिळतो.

धावणं पाच-पाच किलोमीटरमध्ये तोडा. त्याच नमुन्यात ३०:००, ३१:१५, ३४:३०, ३७:३० आणि उरलेले ११०० मीटर आठ मिनिटांत. एकूण २ तास २१ मिनिटं. दहा किलोमीटरनंतर घसरण आहे हे कोणालाही दिसतं. ती का झाली याचं उत्तर ठोक्यांच्या रेषेत आहे, आणि हेच मला या घड्याळाचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. वेग पडत असताना ठोके तसेच राहिले किंवा वर गेले, तर अंग तापलं होतं आणि पाणी कमी पडलं होतं. वेगासोबत ठोकेही खाली आले, १५८ वरून १४६, तर हृदयाला काम करायचं होतं पण इंधन किंवा स्नायू साथ देत नव्हते. या दुसऱ्या प्रकारात कॅडन्स (पावलांची गती) बघा. मिनिटाला १७२ पावलांवरून १६० वर उतरलं असेल आणि मांड्या भरल्याचं कागदावर लिहिलेलं असेल, तर स्नायू. डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, पेप्सीचा घोट घेतल्यावर दहा मिनिटं बरं वाटलं असं लिहिलं असेल, तर साखर. सायकलवर पाच जेल खाल्ले असतील तर सव्वातीन तासांत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं झाली, तासाला चाळीसच्याही आत. साठ तरी हवी होती. शर्यत कुठे गेली ते सापडलं, आणि पुढच्या तीन महिन्यांचा सराव कशाचा हेही.

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (हाफचंच अंतर, मैलांत), जी २०१९ साली पहिल्यांदा मिरामारला झाली, किंवा किनाऱ्यावरची कोणतीही शर्यत असेल, तर हीट ॲक्लिमेशनचा (उन्हाची सवय किती झाली याचा) आकडाही बघा. २२ अंश सेल्सिअसच्या वर बाहेर केलेला सराव घड्याळ त्यात धरतं. हवामानाची माहिती ते फोनवरून घेतं, त्यामुळे फोन जोडलेला नसेल तर आकडा हलत नाही. पुण्या-नाशिकचा माणूस पहाटे पाचला सराव करून दुपारच्या दमट उन्हात धावायला उतरतो, तेव्हा हा टक्का तळाशी असतो आणि ठोक्यांची वर चढणारी रेषा त्याला दुजोरा देते.

देखभालीचं थोडक्यात. समुद्रातून आलेलं घड्याळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, बटणं पाण्याखाली चार-पाच वेळा दाबा. कडेच्या बारीक छिद्रांत मीठ बसलं तर उंचीचे आकडे वेडेवाकडे येतात. चार्जिंगच्या पिना पूर्ण सुकल्याशिवाय केबल लावू नका, मिठाच्या ओलीने त्या गंजतात. कोल्हापूरच्या राजाराम तलावासारख्या गोड्या पाण्यात पोहून आलात तरी शर्यतीचा घाम उरतोच, त्यालाही हेच लागू.

घ्यावं का? भारतात हे आलं ते साठ हजारांच्या वरच्या किमतीत. मे २०२५ मध्ये फोररनर ९७० आलं, आणि त्यात रनिंग टॉलरन्स नावाचा भाग आहे. धावण्याच्या आघाताचा पायांवर किती भार पडला, हे तो ठोक्यांपासून वेगळं काढून आठवड्याच्या किलोमीटरमध्ये सांगतो. म्हणजे वर ज्या उणिवेबद्दल लिहिलं, तिच्यावर कंपनीनेच काम केलं आहे. पोटरी किंवा टाचेचं जुनं दुखणं असलेल्याने पैसे जमत असतील तर ९७० कडे बघावं. बाकीच्यांना २०२२ चं फोररनर ९५५ पुरेसं आहे. स्क्रीन साधी आहे, पण ट्रायथलॉन मोड, ट्रेनिंग रेडिनेस, एचआरव्ही, पॉवर मीटर हे सगळं त्यात आहे, आणि वापरलेलं स्वस्तात मिळतं. फोररनर १६५ घेऊ नका, त्यात ट्रायथलॉन मोडच नाही. आणि बजेट अडत असेल तर घड्याळ एक पायरी खालचं घ्या, पण छातीच्या पट्ट्याचे पैसे कापू नका.